नवशिक्यांसाठी व्हॅक्यूम क्लीनर: रविवारी सकाळी वाचावयाची पुस्तिका

ही पुस्तिका कोणासाठी आहे, ते आधी स्पष्ट झालेलं बरं. घरात रोज केर काढणाऱ्या व्यक्तीसाठी ती नाही. पलंगाच्या कुठल्या पायाशी केसांचा गुंता जमतो, पंखा चालू असताना कचरा कुठल्या कोपऱ्यात पळतो, हे त्या व्यक्तीला पाठ असतं. ही पुस्तिका आहे ती ज्या गृहस्थांनी आजवर झाडू फक्त पाल हाकलायला हातात घेतला, आणि मग दिवाळीच्या सेलमध्ये सोळाशे वॅटचं यंत्र पाहून ज्यांच्या मनात स्वच्छतेची तळमळ अचानक दाटून आली, त्यांच्यासाठी. झाडूला मोटर बसली की केर काढणं हे पुरुषाला शोभेलसं काम होतं, असा एक गोड समज आपल्याकडे आहे. तो समज शाबूत आहे तोवर थोडं भौतिकशास्त्र गळी उतरवून घ्यावं, एवढाच इथला हेतू.

पूर्वतयारी

खोकं उघडताना घरातली सगळी मंडळी भोवती जमतील. जमू द्यावीत, पुढच्या रविवारी कोणी फिरकणार नाही. आतून निघेल ते असं: पोट सुटलेलं एक यंत्र, एक लवचिक नळी, दोन-तीन तुकड्यांचा पाइप, फरशीसाठी रुंद तोंड, फटींसाठी चपटं निमुळतं तोंड, एक गोल ब्रश, आणि प्लॅस्टिकचा असा एक भाग ज्याचा उपयोग तो बनवणाऱ्यालाही आता आठवत नसावा. तो जपून ठेवावा. खोकं थर्मोकोलसकट माळ्यावर टाकावं. वॉरंटी संपेपर्यंत खोकं टाकून द्यायचं नसतं आणि वॉरंटी संपल्यावर ते माळ्यावर आहे हे कुणाच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे हा प्रश्न परस्पर मिटतो.

खोक्यातल्या छापील पुस्तिकेत ‘यंत्र पाण्यात बुडवू नये’ हे अनेक भाषांत आणि ठळक अक्षरांत असतं. ते चालतं कसं, हे एकाही भाषेत नसतं.

पायरी १: यंत्र धूळ ओढतं, हा समज काढून टाकणे

व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढत नाही. हवेला ओढता येतच नाही. तिला फक्त ढकलता येतं. रसवंतीत बसून तुम्ही उसाचा रस नळीने ‘ओढता’ तेव्हा खरं तर तोंडातला दाब थोडा कमी करता, आणि ग्लासातल्या रसावर बसलेली बाहेरची हवा तो रस नळीतून वर ढकलते. काम हवा करते, श्रेय तुम्ही घेता. ही वाटणी तुम्हाला घरात नवीन नसावी.

या हवेला किरकोळ समजू नये. समुद्रसपाटीला ती दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो भाराने रेलून असते. पसरलेल्या तळहातावर हा भार शंभर किलोच्या घरात जातो. जाणवत नाही, कारण खालच्या बाजूनेही ती तितक्याच जोराने ढकलत असते. एका बाजूची हवा काढून घेतली तर काय होतं, ते जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराचे नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके यांनी सतराव्या शतकात भर लोकांसमोर दाखवलं. धातूचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना जुळवले, आतली हवा स्वतःच तयार केलेल्या पंपाने उपसून काढली आणि दोन्ही बाजूंना घोड्यांच्या तुकड्या जुंपल्या. घोडे हरले. मग तोटी उघडून हवा आत सोडली, तर अर्धगोल आपसूक सुटे झाले. नगराध्यक्षाने शहरातल्या केराऐवजी हवेच्या मागे लागावं याचं आपल्याला नवल वाटणार नाही, पण या एका नगराध्यक्षाचा उद्योग पुढे केरालाच उपयोगी पडला.

तुमच्या यंत्रात मात्र गेरिकेंच्या गोलासारखी पोकळी वगैरे काही नसते. चांगल्या घरगुती यंत्राच्या नळीवर हात ठेवून ती पूर्ण बंद केली, तरी आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने उतरतो; त्यापुढे फारसा नाही. हिशेब मांडला तर यंत्राच्या पोटातली हवा कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेपेक्षा जेमतेम विरळ. कळसूबाई १६४६ मीटर उंच. नवरात्रात माणसं लोखंडी शिड्या चढून देवीच्या दर्शनाला जातात, आणि तिथल्या विरळ हवेने कुणाच्या टोपीवरची धूळ आपोआप नाहीशी झाली असं ऐकिवात नाही. कारण नुसता विरळपणा कामाचा नाही, फरक कामाचा. डोंगरावर सगळीकडेच हवा विरळ असते. इथे आत विरळ, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या दिवाणखान्यातली भरगच्च हवा. ती आत घुसायला धावते आणि वाटेत जे हलकं सापडेल ते बरोबर नेते.

एवढं समजलं की निम्मी पुस्तिका संपली. यंत्र अजून सुरू करू नये.

पायरी २: आवाजाला घाबरू नये

दाबातला हा फरक निर्माण करतो तो एक पंखा. छतावरचा पंखा मिनिटाला तीन-चारशे फेऱ्या मारतो. हा वीस ते तीस हजार मारतो. मोटर मिक्सरमध्ये असते त्याच जातीची: आकाराने लहान, वेगाने अफाट, कार्बनच्या दोन कांड्यांवर चालणारी, आणि बोलायला लागली की दुसऱ्याला बोलू न देणारी. पंख्याची पाती वक्र असतात. मधोमध शिरलेली हवा ती कडेला भिरकावून देतात, त्यामुळे मध्यभागी हवा कमी पडते आणि ती जागा भरायला नळीतून नवी हवा धावत येते. बस्स, यंत्र एवढंच. बाकी सगळं प्लॅस्टिक आणि चाकं.

आता सुरू करावं. सकाळी आठच्या आधी नको. भिंतीपलीकडे माणसं राहतात.

सुरू झाल्यावर नळीच्या तोंडावर तळहात ठेवून पाहावा. आवाज एकदम वर चढेल, किंचाळल्यासारखा होईल. सगळे नवशिके इथे दचकतात आणि मोटरवर भयंकर ताण आला असं समजून हात काढून घेतात. प्रत्यक्षात उलट घडलेलं असतं. पंख्याचं काम हवा फेकण्याचं. तोंड बंद केल्यावर फेकायला हवाच उरली नाही, म्हणून पंखा हलका झाला आणि बेफाम फिरू लागला. या क्षणी यंत्र वीजही आधीपेक्षा कमी घेत असतं. सगळ्यात मोठा आवाज करणारा त्या वेळी सगळ्यात कमी काम करत असतो, हा अनुभव सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ज्यांनी घेतला आहे त्यांना हे चटकन पटेल.

मात्र हा खेळ फार वेळ चालू ठेवू नये. बऱ्याच घरगुती यंत्रांत नळीतून आलेली हवाच मोटरवरून जाते आणि तिला थंड ठेवते. हवा बंद म्हणजे वाराही बंद. मोटर तापते, आणि आतला एक छोटा सुरक्षा-स्विच तिला झोपवतो. यंत्र मध्येच मुकं झालं तर ते बिघडलेलं असतंच असं नाही. प्लग काढावा, नळीत मोजा वगैरे अडकलाय का ते पाहावं, अर्धा तास चहा घ्यावा. लगेच मेहुण्याला फोन करू नये. तो येईल आणि यंत्र उघडेल.

पायरी ३: दाबू नये

या पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि कोणी ती ऐकत नाही.

नवशिका पुरुष यंत्राचं तोंड गालिच्यावर सर्व ताकदीने दाबून धरतो. फरशी पुसताना जोर लावायचा असतो, असं त्याने लांबून पाहिलेलं असतं. पण वर काय ठरलं? धूळ नेते ती वाहती हवा. चालू यंत्रातून दर सेकंदाला पंचवीस-तीस लिटर हवा जाते. साडेतीन सेंटीमीटर व्यासाच्या नळीत याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास भरतो. कोकण किनाऱ्यावर असा वारा सुटला तर पत्रे उडतात, शाळांना सुटी देतात. इथे तो तुमच्या हातातल्या पाइपातून निमूट वाहतो आहे. तोंड जमिनीवर घट्ट दाबलंत की हवेला शिरायला फटच उरत नाही. यंत्र जमिनीला चिकटतं, तुम्हाला वाटतं ‘काय जबरदस्त ओढ आहे!’, आणि आत जाते शून्य धूळ.

पडदा नळीला चिकटतो तेव्हाही हेच. त्या वेळी पडद्यावर बाहेरच्या हवेचा भार दोन किलोच्या आसपास असतो. खेचून पाहा, हाताला कळेल. पण चिकटलेल्या पडद्यातून हवा जवळजवळ जात नाही, म्हणजे पडदा साफही होत नाही. तोंड थोडं तिरकं करून, कापडाला जेमतेम टेकवून, हळू न्यावं. हळू म्हणजे खरोखर हळू. धूळ धाग्यांतून सुटायला हवेला क्षणभर वेळ मिळाला पाहिजे. पाच मिनिटांत सगळा सोफा उरकणाऱ्याने सोफ्यावरून फक्त हात फिरवलेला असतो.

दाब आणि वाहती हवा या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे यंत्राची खरी ताकद. तोंड बंद असताना दाबातला फरक सर्वांत जास्त पण हवा शून्य. तोंड सताड उघडं असताना हवा सर्वांत जास्त पण फरक नगण्य. दोन्ही टोकांना गुणाकार शून्याच्या जवळ, आणि मोल सगळं मधल्या जागेला. दुकानात मात्र तुम्हाला यातलं काही न सांगता वॅट सांगतील. सोळाशे, अठराशे, दोन हजार. हे वॅट यंत्र भिंतीतून किती वीज घेतं त्याचे असतात. धूळ किती नेतं त्याचे नव्हेत. युरोपीय संघाने २०१४ मध्ये नव्या यंत्रांवर १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. तिथल्या घरांत त्यानंतर काही धुळीचे डोंगर उठले नाहीत. कारखानदारांनी पंख्याची पाती सुधारली, गळक्या सांध्यांना रबर लावलं, तोंडांचे आकार बदलले आणि भागवलं. दुकानदाराला ‘हवा किती लिटर आणि दाब किती?’ एवढं विचारावं. उत्तर मिळालं तर ठीक. न मिळता तो टीव्हीच्या विभागाकडे वळला तर निदान टीव्ही तरी पाहून होईल.

पायरी ४: नळी कुठल्या भोकात घालायची

आत आलेली हवा कुठून तरी बाहेर पडणारच. ती यंत्राच्या पाठीमागच्या जाळीतून पडते. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक यंत्रांत या मागच्या भोकातही नळी बसते आणि मग यंत्र धूळ न घेता फुंकू लागतं. याला ब्लोअर म्हणतात. खिडकीच्या सरकत्या तावदानांच्या खाचा, कुलरच्या जाळ्या, दुचाकीच्या इंजिनाच्या फटी यांना ते उत्तम. नळी मागच्या भोकात आहे हे विसरून, दारातली रांगोळी विस्कटली म्हणून ती आवरायला गेलात, तर मात्र रांगोळी आवरली जाणार नाही. ती शेजारच्यांच्या दारात, जिन्यात आणि त्याच वेळी फराळाचं ताट घेऊन आलेल्या काकूंच्या पैठणीवर समान वाटली जाईल.

खरं सांगायचं तर सफाईच्या सुरुवातीच्या काही यंत्रांचाही भर फुंकण्यावरच होता. १९०१ मध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज अभियंता लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एक प्रात्यक्षिक पाहायला गेला. जोरदार हवा सोडून धूळ उडवणारं यंत्र होतं. उडालेली धूळ थोडी डब्यात गेली आणि बाकीची जिथून उठली तिथेच जाऊन बसली. बूथने विचारलं, फुंकण्याऐवजी उलटं का नाही करत? ते अशक्य आहे, असं उत्तर मिळालं. मग म्हणे त्याने एका उपाहारगृहात मखमली खुर्चीच्या पाठीला रुमाल लावला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास आत घेतला. ठसका लागून जीव घाबरा झाला, पण रुमालाच्या आतल्या नव्हे, खुर्चीकडच्या अंगाला काळा गोल उमटला. हवा गेली, धूळ अडली. आजच्या यंत्रातली पिशवी म्हणजे तो रुमालच.

(हा रुमाल तुमच्याही कामाचा आहे. कानातली कुडी पलंगाखाली घरंगळली तर पाइपाच्या तोंडाला पातळ मोजा किंवा जुन्या ओढणीचा तुकडा ताणून रबरबँडने बांधावा आणि यंत्र चालू करून पलंगाखाली फिरवावं. कुडी कापडाला येऊन चिकटते, पिशवीत जात नाही. यंत्र विकत घेतल्याचं समर्थन करण्याची संधी या एका प्रयोगात जेवढी आहे तेवढी दुसऱ्या कशातच नाही. कुडी लपवून ठेवून हा प्रयोग करू नये.)

बूथचं यंत्र मात्र घरात मावणारं नव्हतं. ते घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं, पेट्रोलच्या इंजिनावर धडधडायचं, आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जायच्या. रस्त्यावरचे घोडे बुजतात म्हणून तक्रारी झाल्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर अॅबीतले गालिचे या यंत्राने साफ केले, आणि मग काय, प्रतिष्ठितांच्या घरी ते बोलावणं ही शान झाली. बायका चहाला मैत्रिणींना बोलावीत आणि सगळ्या मिळून धूळ जाताना पाहत. नळीचा काही भाग त्यासाठी पारदर्शक ठेवला होता, असं सांगतात. दुसऱ्याच्या घरातून किती घाण निघते हे पाहण्यातला आनंद कुठल्याही काळात, कुठल्याही देशात सारखाच.

पण घरात येणारं, एका माणसाने ओढता येईल असं विजेचं यंत्र केलं ते साहेबाने नाही. ते केलं जेम्स मरे स्पँग्लर याने. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी तो एका दुकानात रात्री झाडलोट करायचा. दम्याचा रोगी. झाडूने उडालेली धूळ छातीत जाई आणि खोकून खोकून हैराण होई. त्याने पंख्याची मोटर घेतली, साबणाच्या खोक्यात बसवली, झाडूचा दांडा लावला आणि मागे उशीचा अभ्रा बांधला. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पैसा नव्हता, म्हणून हक्क विकले ते विल्यम हूव्हर याला, ज्याचा धंदा होता घोड्यांच्या खोगिरांचा आणि चामड्याच्या साजाचा. मोटारगाड्या आल्याने तो धंदा बसत चालला होता. पुढे यंत्रावर नाव लागलं ते हूव्हरचं. या सगळ्या कहाणीत रोज केर काढणारा माणूस एकच होता, आणि डोकं चाललं तेही त्याचंच. मला यात काही आश्चर्य वाटत नाही.

आपल्याकडे हे यंत्र दारोदार पोचवलं ते १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या टाय बांधलेल्या विक्रेत्यांनी. दुपारी घंटी वाजायची, आत येऊन विक्रेता गादी साफ करून दाखवायचा आणि निघालेली धूळ पांढऱ्या कापडावर ओतायचा. त्या घरातल्या गृहिणीने सकाळीच घर लख्ख झाडलेलं असायचं. तिची मान खाली जायची आणि यंत्र खपायचं.

पायरी ५: पिशवी, फिल्टर आणि तुमचं कर्तव्य

हवेने धूळ आणली, आता त्या दोघांची ताटातूट करायची. पिशवी असलेल्या यंत्रात कागदाच्या किंवा कापडाच्या छिद्रांतून हवा पार होते, धूळ मागे राहते. पिशवी पाऊण भरली की छिद्रं लिंपली जातात, हवा कमी होते, आणि तुम्ही म्हणता की यंत्रात आता पहिल्यासारखा दम राहिला नाही. दम आहे, वाट नाही. पिशवी रिकामी करा. हे काम यंत्र विकत घेणाऱ्यानेच करायचं असतं; तशी अट छापायची राहून गेली आहे.

पिशवी नको म्हणणाऱ्यांसाठी चक्रीवादळाची जात आहे. हवा एका शंकूत गरगर फिरवतात. जड धूळ बाहेरच्या भिंतीवर फेकली जाऊन खाली घसरते आणि स्वच्छ हवा मधून वर निघते. लाकडाच्या गिरण्यांत भुसा असाच गोळा करत. ते पाहून जेम्स डायसनने घरगुती यंत्रात हा शंकू बसवण्याचं मनावर घेतलं आणि ५१२७ नमुने करून पाहिले. त्या वर्षांत घर चाललं ते त्याच्या बायकोच्या, चित्रकला शिकवून मिळणाऱ्या पैशांवर. नमुन्यांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, बायकोचं नाव विचारून पाहा. डियर्ड्री.

शेवटी येतो हेपा फिल्टर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवायला ही जात तयार झाली. आता ती तुमच्या गादीतल्या सूक्ष्म किड्यांची विष्ठा अडवते. अट अशी की ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडले पाहिजेत. आपल्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे कण किती बारीक ते बघा. लोकांना वाटतं फिल्टर ही चाळणी, कण जितका लहान तितका सहज निसटणार. तसं नाही. आतमध्ये बारीक तंतूंचं जंजाळ असतं. मोठा कण हवेबरोबर झटकन वळू शकत नाही, सरळ जाऊन तंतूवर आपटतो. अगदी चिमुकला कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला लागून राहतो. सगळ्यात लबाड तो मधला, ०.३ च्या आगेमागेचा. ना धड आपटत, ना धड भरकटत. म्हणून परीक्षा त्याच्यावरच घेतात.

चांगला फिल्टर नसेल तर यंत्र समोरून जाडी धूळ घेतं आणि पाठीमागून बारीक धूळ खोलीभर सोडतं. जाडी डोळ्यांना दिसते, बारीक छातीत जाते. सफाई झाल्यावर घरातल्या सगळ्यांना शिंका येऊ लागल्या तर कारण बहुधा हेच. तुमच्यावर कोणी केलेली टीका समजू नये.

फिल्टर धुता येणारा असला तरच धुवावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. कोकणात श्रावणात फिल्टर धुतल्यास तो गणपतीपर्यंत वाळेल अशी आशा ठेवावी.

पायरी ६: कुठे चालवावं, कुठे नाही

इथे जरा कटू बोलावं लागतं. हे यंत्र गालिच्यांच्या देशांत जन्माला आलं. आपल्याकडे खाली शहाबादी, मोझॅक किंवा गुळगुळीत टाइल. तुम्ही पाइपाचे तुकडे जोडून, वायर सोडवून, प्लगचा पॉइंट शोधेपर्यंत मावशी आतल्या दोन खोल्या झाडून बाहेर येतात आणि विचारतात, “दादा, तुमचं झालं का? मला पुसायचंय.” फरशीवर केरसुणीशी स्पर्धा करू नये. ती हरत नाही.

जिथे केरसुणी हरते तिथे जावं. गादी, सोफा, पडदे, पुस्तकांच्या वरच्या कडा, पंख्याची पाती, डासांच्या जाळ्या. फटींचं चपटं तोंड लावून सोफ्याच्या पाठीच्या आणि बैठकीच्या मधल्या खाचेत उतरा. आधी हाताने चाचपून घ्या: दोन रुपयांचं नाणं, पेनाचं टोपण, चिवड्यातला खोबऱ्याचा काप, केसाची पिन, कधीच्या तरी तिकिटाचा चुरा. मग यंत्र लावा. काही सेकंद नळीतून टणटण आवाज येईल, मग खरखर, मग नुसता वारा. वारा ऐकू आला की खाच साफ झाली. एवढी स्पष्ट पावती दुसऱ्या कुठल्याही घरकामात मिळत नाही.

वर्ज्य गोष्टी थोडक्यात. रांगोळी आणि घरात काम काढल्यावर पडणारी पीओपीची पूड: दगडाची इतकी बारीक पूड फिल्टर एका बैठकीत गच्च करते. अगरबत्तीची, धुपाची राख: वरून गार दिसली तरी आत ठिणगी असते, आणि ठिणगीला कागदी पिशवीत नेऊन ताशी शंभर किलोमीटरचा वारा घालण्यात शहाणपण नाही. पाणी: यंत्रावर ‘ओलं आणि कोरडं’ असं लिहिलं असेल तरच. तशा यंत्रात एक तरंगता गोळा असतो. टाकी भरली की तो वर चढून हवेची वाट बंद करतो आणि आवाज किंचाळतो. पायरी २ नीट वाचली असेल तर तुम्हाला त्याचा अर्थ कळेल आणि तुम्ही घरच्यांना तो समजावून सांगाल. ते ऐकणार नाहीत.

आपोआप फिरणाऱ्या चकतीबद्दलही बरेचजण विचारतात. तिच्या पंख्याला वरचे सगळे नियम लागू. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: दोन सेंटीमीटरच्या वरचा उंबरठा तिला सहसा चढत नाही, आणि आपल्या न्हाणीघराच्या, देवघराच्या उंबरठ्यांनी शास्त्र वाचलेलं नसतं.

पूजेची शंका राहिली. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू केरसुणीला लागतं, यंत्राला नाही. खंडेनवमीला यंत्राला झेंडूचा हार घालायला हरकत नाही, पण मागची जाळी मोकळी ठेवावी आणि हार काढल्याशिवाय चालू करू नये.

पायरी ७: आवरणे

वायरीवर एक पिवळी पट्टी असते आणि थोडी पुढे एक लाल. पिवळी दिसेपर्यंत वायर बाहेर काढावी; गुंडाळलेली वायर चालू यंत्रात तापते. लाल दिसली की थांबावं. त्यापुढे ओढलीत तर आतली स्प्रिंग तुटते, आणि वायर पुन्हा कधी आत जात नाही.

काम संपल्यावर आधी स्विच, मग प्लग. वायर आत घेण्याचं बटण पायाने दाबायचं असतं, पण दाबण्याआधी प्लग हातात धरावा आणि वायरीबरोबर चालत यंत्रापर्यंत यावं. प्लग मोकळा सोडलात तर शेवटची हातभर वायर खोलीत फटके मारत येते आणि पितळी पिना नेमक्या घोट्याच्या हाडावर बसतात. तसं झाल्यास ओरडू नये, मावशी फरशी पुसत असतात आणि फरशी ओली असते. भिंतीला धरून स्वयंपाकघरात जावं, सहाणेवर आंबेहळद उगाळावी आणि लेप गरम करून लावावा.